गार झाल्याशिवाय भरायचं नाही

सोलापुरात हातात सफरचंदं घेऊन रस्त्यानं चाललं की लोक विचारतात, कोण आजारी आहे. निदान त्या वर्षांत तरी विचारत. सफरचंद हे फळ नव्हतंच. दवाखान्यातल्या खाटेशेजारी पिशवीत ठेवायची ती वस्तू होती. आमच्या शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाई मात्र दर श्रावणात टोपलीभर हिरवी, आंबट, डाग पडलेली सफरचंदं घेऊन सात रस्ता चौकातून चालत शाळेत येत, आणि वाटेत चार तरी माणसं त्यांना थांबवत.

"बाई, कोण हाय दवाखान्यात?"

"आमचे चिटणीस," बाई सांगत. "काही खरं नाही त्यांचं."

चिटणीस म्हणजे आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस. सुताचे व्यापारी, तब्येतीनं ठणठणीत. हे उत्तर ऐकून एकदा एक शेजारी खरोखरच शहाळं घेऊन त्यांच्या पेढीवर गेला होता, असं सांगतात. बाईंना विचारलं तर त्या म्हणत, "गेला असेल की. माणुसकी आहे अजून."

मी त्या शाळेत हंगामी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा बाविशीची होते आणि बाईंच्याच घरात माडीवरच्या खोलीत राहत होते. माझे वडील गिरणीत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निषेधाची. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. जगात दोनच बाजू असतात आणि आपण योग्य बाजूला आहोत, हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि माझी घरमालकीण मैदा, लोणी आणि सफरचंद घेऊन विणकरांच्या मुलींना साहेबी पदार्थ शिकवते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

पदार्थाचं नाव ॲपल पाय. नाव ऐकून मुली हसत. पहिल्या दिवशी बाई त्यांना पोटभर हसू देत, दुसऱ्या दिवशी थोडं हसू देत, तिसऱ्या दिवशी जी हसेल तिला सगळ्या वर्गाची सफरचंदं सोलायला बसवत.

बाई उंच, काळ्यासावळ्या. कपाळावर भस्माची बारीक रेघ आणि गळ्यात लिंगाचा दोरा. भट्टीपाशी उभ्या राहिल्या की डोक्याला ओला पंचा गुंडाळत आणि दिवसभर तो काढायला विसरत. तसंच बाजारातही जात. मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ होतं, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. वेळ मोजायला त्या शिवभक्तांची कानडी वचनं म्हणत. साखर विरघळायला दोन वचनं, सफरचंदाच्या कडा मऊ व्हायला नऊ, वरचं आवरण तांबूस व्हायला चाळीस. मुलींनाही ती पाठ झाली होती. तेलुगू घरातल्या मुली भट्टीसमोर हात बांधून उभ्या राहून कानडी वचनं म्हणतात आणि आत इंग्रजी पदार्थ भाजला जातो, असं दृश्य मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

भट्टी म्हणजे पत्र्याची पेटी. बाईंनी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारागिराकडून ती करून घेतली होती. खाली निखारे, झाकणावर निखारे, आपल्याकडे नानकटाईला करतात तसं. पेटी तापली की नाही हे बघायला बाई आत कागदाचा तुकडा टाकत. तो जळाला तर ताप जास्त, पांढराच राहिला तर कमी, बदामी झाला तर बरोबर. मी राहायला आल्यापासून या कामासाठी त्या माझ्या खोलीतली जुनी पत्रकं नेत.

"तुझ्या पत्रकांचा कागद चांगला आहे गं," त्या मला सांगत. "हलका. लगेच तापतो."

मी रागानं लाल व्हायचे. त्यांना ते फार आवडायचं.

पायची सगळी विद्या बाईंच्या मते एका गोष्टीत होती. आतलं सारण आधी शिजवायचं. इंग्रजी पुस्तकांत कच्च्या फोडी भरायला सांगतात. बाईंना ते मान्य नव्हतं. कच्च्या फोडी भट्टीत गेल्या की खाली बसतात, वरचं आवरण मात्र फुगून तसंच उभं राहतं, आणि सुटलेल्या पाण्यानं तळ भिजतो. "वर डोंगर, आत बोगदा, खाली चिखल," बाई म्हणत. म्हणून फोडी लोण्यावर परतायच्या, साखर घालायची, लवंग, दालचिनी, लिंबू, चिमूटभर मीठ. पाणी सुटू द्यायचं, आटू द्यायचं, शेवटी थोडं आरारूट. फोड मऊ व्हावी पण मोडू नये. मग सारण परातीत पसरायचं आणि थांबायचं. कोमट सारण लोण्याच्या पिठावर पडलं की आतलं लोणी वितळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

गार झाल्याशिवाय भरायचं नाही, हे वाक्य त्यांनी वर्गाच्या भिंतीवर चुन्यानं लिहून घेतलं होतं. दुसऱ्या शाळेत त्या जागी थोरांचे विचार असतात.

सोलापूरच्या उन्हात लोणी घट्ट ठेवणं ही वेगळीच लढाई होती. बाई लोणी मडक्यातल्या पाण्यात बुडवून ठेवत. पीठ मळायला पहाटे बोलावत. पोळपाटावर लाटत नसत. वर्गातली शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं गार करून तिच्यावरच लाटायला लावत. आणि कडा मात्र करंजीला घालतात तशी मुरड घालून बंद करायच्या. इथं मुली बाईंच्याही पुढं जात. अंडं नाही. वरून दुधाचा हात. तरी गावात बोलवा होतीच की बाई लिंगायताच्या असून शाळेत अंडी फोडतात. बाईंनी ती कधी खोडून काढली नाही. म्हणत, "अंडी आहेत असं समजून तरी चार जण डोकावतात. तेवढाच वर्ग बघून जातात."

आता बाहत्तर सालचं सांगते. माझी त्यातली बाजू चांगली नाही, पण बाईंबद्दल लिहायचं तर ती टाळून लिहिता येणार नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. जिल्ह्यात दुष्काळी कामं निघाली. मोहोळ-माढ्याच्या वाटेवर बायका उन्हात बसून खडी फोडताना मी बसमधून बघितल्या होत्या. त्याच आठवड्यात बाई नेहमीसारखी टोपली घेऊन शाळेत आल्या आणि दोन्ही वर्गांना सारण शिजवायला बसवलं. दालचिनीचा वास माझ्या वर्गापर्यंत आला. मी मुलींना निबंध सांगत होते. तो मी अर्ध्यावरच सोडला.

त्या संध्याकाळी मी युनियनच्या कचेरीत बसून पत्रक लिहिलं. मथळा होता, "खडी फोडणाऱ्या हातांना भाकरी नाही, आणि शाळेत सफरचंदं शिजतात". खाली नाव नव्हतं, 'एक जागृत नागरिक' एवढंच. सायक्लोस्टाइल केलेल्या शंभर प्रती मी स्वतः वाटल्या आणि एक शाळेच्या फाटकावर चिकटवली. मला आठवतं, चिकटवताना मला अभिमान वाटत होता.

पुढं जे झालं ते मला बिलकुल सुचलं नव्हतं. चिटणीसांना बाईंच्या वर्गाची खोली कधीपासून हवी होती. थंड, शहाबादी फरशीची, रस्त्याला लागून. सुताच्या गाठी ठेवायला त्यांना तशी दुसरी जागा नव्हती. कारण मात्र सापडत नव्हतं. ते मी सायक्लोस्टाइल करून दिलं. ज्या माणसाविरुद्ध माझ्या वडिलांनी दोनदा मोर्चा काढला होता, तो माणूस माझं पत्रक हातात धरून शिक्षकांच्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "ही जनतेची भावना आहे. दुष्काळात असले शौक शोभत नाहीत." मग माझी वाक्यं त्यानं वाचून दाखवली. चांगली वाचली.

ठरलं असं की संस्थेचे अध्यक्ष आणि चिटणीस स्वतः येऊन वर्ग पाहतील, पदार्थ चाखतील आणि मग वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते सांगतील. बाईंची निवृत्ती चार वर्षांवर होती. गृहशास्त्राशिवाय त्यांना दुसरा विषय नव्हता.

घरी आल्यावर बाईंनी मला खाली बोलावलं. पत्रक त्यांच्या मांडीवर होतं. खाली नाव नसलं तरी माझी वाक्यं त्यांनी ओळखली होती.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

मी शेवटच्या पायरीवर बसले.

"रागानं लिहिलंयस, ते ठीक आहे. पण कच्चंच भरलंस. मला विचारायचं होतंस की, बाई, हे का शिकवता म्हणून. खालीच तर राहते मी. अकरा पायऱ्या."

"का शिकवता?" मी विचारलं. आवाजात तेव्हाही धार होती, हे कबूल करते.

बाईंनी पत्रकाची घडी घातली. "माझं लग्न अक्कलकोटच्या पलीकडं झालं. तीन वर्षं संसार. सासू वाईट नव्हती. पण मी जे करेन ते तिला आधीच येत होतं. भाकरी केली की 'आमच्यात अशी नाही'. गव्हाची गोड हुग्गी केली की 'आमच्यात अशी नाही'. पाणी भरलं तरी, 'आमच्यात असं नाही'. तीन वर्षांत मी एक गोष्ट बरोबर केली नाही बघ. नवरा गेला, मी इथं आले. मिशनच्या दवाखान्यातल्या एका मडमेच्या हाताखाली स्वयंपाकघरात होते. तिनं हे शिकवलं. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा बरोबर आलं, आणि ते बरोबर आहे हे माझं मला कळलं. आमच्यात असं नाही म्हणणारं कुणी नव्हतं, कारण आमच्यात ते नव्हतंच."

पत्रक बाजूला ठेवून म्हणाल्या, "भाकरी मुलींना घरी शिकवतात. तीच शिकायची तर शाळेत कशाला यायचं? प्रत्येक मुलीला एक तरी गोष्ट अशी यावी की जी सासूला येत नाही. मग ती पाय असो नाही तर बीजगणित. बीजगणित मला येत नाही."

मग चिटणीसांनी दिवस कळवला. येता सोमवार, दुपारी बारा, अर्धी शाळा सुटल्यावर. श्रावणातला सोमवार. आमच्याकडे त्या दिवशी शाळा अर्धीच असते, कारण निम्मं गाव उपवासाला असतं आणि संध्याकाळी सोमवार सोडतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, ते तर सिद्धेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय पाणीही न पिणारे. सत्तरीचे धान्याचे व्यापारी. उपवासाला मैदा चालत नाही. म्हणजे बारा वाजता ते येणार, तोंडाला काही लावणार नाहीत आणि चिटणीस लिहून घेणार की पदार्थ कुणी चाखलासुद्धा नाही.

मी धावत खाली गेले. "बाई, ही चाल आहे. दुसरा दिवस मागा."

"मागणार नाही."

"मग अप्पांना नुसतं सारण द्या. फळ, साखर, आरारूट. सगळं उपवासाचं आहे."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून गेले होते. "सारण म्हणजे पाय नव्हे. आवरणाशिवाय मी परीक्षा देणार नाही."

सोमवारी बारा वाजता दोघं आले तेव्हा बाईंनी एक सफरचंदही सोललेलं नव्हतं. वर्गातल्या मुली भिंतीशी रांगेनं बसल्या होत्या, मी दाराशी.

"अजून सुरुवातच नाही?" चिटणीस म्हणाले. "करून ठेवायचं नाही का, बाई?"

"परीक्षा आहे ना? मग तुमच्या डोळ्यांदेखत करते. नंतर कुणी म्हणायला नको, बाईंनी बेकरीतून आणलं."

अप्पा खुर्चीत टेकले. "करू द्या की. आमाला तरी कुटं जायचंय."

सोलणं, चिरणं, परतणं. बाई घाई करत नव्हत्या. लोण्यात लवंग पडली तेव्हा अप्पांनी खुर्ची थोडी मागं सरकवली. साखर आटायला लागली तेव्हा आणखी मागं. सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसासमोर हे चाललं होतं. सारण परातीत पसरलं आणि बाई त्यापुढं मांडी घालून बसल्या.

"आता?" चिटणीसांनी विचारलं.

"आता गार व्हायचं."

रोज ती परात बाई पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या मोठ्या परातीत ठेवत. तासाभरात सारण गार होई. त्या दिवशी मोठी परात कोपऱ्यात भिंतीला टेकलेली होती. बाई विसरल्या असं वाटून मी उठले. बाईंनी नुसत्या नजरेनं मला खाली बसवलं. मोठ्यानं म्हणाल्या, "दुष्काळाचं पाणी कशाला घालवायचं? पत्रकात छापून यायचं परत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई सारण गार करत नव्हत्या, सूर्य मावळायची वाट बघत होत्या.

एक तास गेला. चिटणीसांनी परातीकडे बोट केलं. "झालं की गार."

बाईंनी बोटाची मागची बाजू सारणाला लावली. "नाही."

दुसऱ्या तासाला चिटणीस येरझाऱ्या घालू लागले. "बाई, आम्हाला पेढी आहे."

"जाऊन या की. सारण कुठं जातंय."

तिसऱ्या तासाला ते गेले. जाताना अप्पांना म्हणाले, ठराव लिहून तयार आहे, उद्या सकाळी सहीला आणतो. अप्पांचा टांगा साडेसातला यायचा होता, म्हणून ते राहिले. मग दोघं म्हातारी माणसं कानडीत बोलत बसली. निम्मं मला कळलं. कुणाची मुलगी कुठं दिली, कुठल्या विहिरीला तळ लागला. मध्येच अप्पांनी खुर्ची पुन्हा पुढं ओढली.

पाचला पीठ फरशीवर लाटलं. मुलींनी मुरड घातली. पेटीत कागद टाकला, बदामी निघाला. चाळीस वचनं सगळ्यांनी मिळून म्हटली आणि अप्पांनी पहिल्या वचनापासून साथ दिली. पाय बाहेर आला तेव्हा बाई म्हणाल्या, कापायला अजून अर्धा तास. अप्पांनी दाराबाहेर उन्हाकडे बघितलं.

दिवेलागण झाली. अप्पांनी हातपाय धुतले, सदऱ्याच्या आतून गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवून तिथंच फरशीवर पूजा केली. बाईंनी भस्म दिलं. मग बाईंनी पाय कापला. आवरण फुटल्याचा बारीक आवाज झाला आणि आत सारण कडेपर्यंत भरलेलं होतं, कुठंही पोकळी नव्हती. अप्पांनी त्या तुकड्यानं सोमवार सोडला. एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला. मग खिशातून माझं पत्रक काढलं.

"हे कुणी लिवलंय, बाई?"

बाई पेटीतले निखारे झाडत राहिल्या. त्यांना नाव ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं, त्यांनी बघितलं असतं तर मी गप्प बसले असते.

"मी लिहिलं," मी म्हणाले.

"तू? हितली मास्तरीण?" अप्पा मला न्याहाळत राहिले. "खाल्लास का कधी हा पदार्थ?"

"नाही."

"न खाताच लिवलंस व्हय. आन् आमी न खाताच सही करनार होतो."

त्यांनी बाईंची लाल पेन्सिल मागितली, पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, गृहशास्त्राचा वर्ग आहे त्याच खोलीत चालू ठेवावा. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी चिटणीस आपला ठराव घेऊन आले तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांच्यापुढं तो कागद ठेवला. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. पुढच्या एप्रिलात त्यांनी मला कमी केलं, हंगामी असल्यानं कारण द्यावं लागलं नाही. बाईंचा वर्ग निवृत्तीपर्यंत चालला.

पण मला खरी शिक्षा झाली ती चिटणीसांकडून नव्हे. त्या मंगळवारी बाईंनी मला त्यांच्या तासाला बोलावलं आणि त्याच पत्रकाची दुसरी प्रत हातात दिली. "मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. "यांच्याबद्दल आहे ना? यांना ऐकू दे."

मी तीस मुलींसमोर उभी राहून माझं पत्रक वाचलं. सभेत वाचायचे तशी वाचायला लागले, पण तिसऱ्या वाक्यानंतर आवाज आपोआप खाली आला. संपल्यावर बाई म्हणाल्या, "कुणाला काही बोलायचंय?"

मग माढ्याकडची एक मुलगी उभी राहिली. मामाकडे राहून शिकायची, रविवारी गावाला जायची.

"माझी आई खडी फोडायला जाती," ती म्हणाली. "ह्यात लिवलंय तसंच हाय, बाई. खोटं न्हाय. पर रविवारी मी गेले की ती इचारती, काय शिकलीस गं. गणित सांगितलं की ऐकता ऐकता झोपती, दमलेली असती. हे सफरचंदाचं सांगितलं की न्हाय झोपत. म्हनती, फोडी कशा चिरायच्या? मग काय घालायचं? पुन्यांदा सांग."

ती खाली बसली. बाईंनी सुऱ्या वाटायला घेतल्या, आणि त्यातली एक माझ्या हातात दिली.